सर्व्हर जागा होतो तेव्हां
(नभोवाणीवरून झालेलें भाषण)

वळवाच्या पावसांत वीज जाते आणि घटकाभरानें परत येते, हा अनुभव आपणांपैकीं कोणालाहि नवा नाहीं. वीज आली कीं दिवा लागतो, पंखा फिरूं लागतो, फ्रीज पुन्हां घुमूं लागतो. आपण जागचे उठलेलेहि नसतों. असें कां होतें याचा विचार आपण सहसा करीत नाहीं. पण कारण अगदीं सोपें आहे. भिंतीवरील बटण खालीं दाबलेलें होतें, तें तसेंच दाबलेलें राहिलें. वीज गेली, बटणाची स्थिति गेली नाहीं. घराची आठवण त्या बटणांत सांठविलेली असते.

संगणकाचें तसें नाहीं. त्याच्या अंगांत जीं कामें चालू असतात तीं सारीं विजेवर जगणाऱ्या स्मृतींत राहतात. वीज गेली कीं ती पाटी पुसली जाते, आणि यंत्र पुन्हां उठतें तेव्हां काल आपण काय करीत होतों याची त्याला गंधवार्ताहि नसते. मग रात्रीं दोन वाजतां वीज जाऊन आली असली तरी बँकेचा, रुग्णालयाचा किंवा वाचनालयाचा संगणक सकाळीं आठ वाजतां मुकाट्यानें आपलें काम करीत असलेला दिसतो, तो कसा? कोणीं तरी कोठें तरी तसें लिहून ठेवलेलें असतें म्हणून. हें लिहून ठेवणें म्हणजे काय, तें कोठें लिहावयाचें, आणि लिहावयाचें राहून गेलें तर काय घडतें, एवढ्याच विषयावर मी आज बोलणार आहें.

या विषयावर बोलण्याचा माझा अधिकार फार थोडा आहे, तो प्रथमच सांगून टाकतों. मी मॅट्रिक झालों, शिक्षकाची परीक्षा दिली, आणि पस्तीस वर्षें मुलांना अंकगणित व मराठी शिकविलें. २०१८ सालीं निवृत्त झाल्यावर आमच्या पेठेंतील वाचनालयानें मला आपल्या कार्यकारी मंडळावर घेतलें. तेथें एक जुना संगणक धूळ खात पडला होता. माझ्या एका माजी विद्यार्थ्यानें त्यावर लिनक्स बसवून दिलें, पुस्तकांच्या नोंदीसाठीं व देवघेवीसाठीं ‘ग्रंथसूची’ नांवाचा एक छोटा प्रोग्रॅम स्वतः लिहून दिला, आणि तो नोकरीनिमित्त परगांवीं निघून गेला. जातांना म्हणाला, “गुरुजी, आतां हें तुमच्याकडे.” त्या एका वाक्यानें मी सर्व्हर सांभाळणारा झालों. पुढें जें सांगणार आहें त्यांतील बहुतेक मीं चुका करून शिकलों आहें.

लिनक्स ही संगणकाचा सारा कारभार पाहणारी प्रणाली आहे. फिनलंडमधील हेलसिंकी येथील विद्यापीठांत शिकत असतां लिनस टॉर्व्हाल्ड्स या तरुणानें १९९१ सालीं तिचा गाभा लिहिला आणि तो जगास खुला केला. आज जगांतील सर्व्हरांपैकीं फार मोठा भाग तिच्यावर चालतो. आणि सर्व्हर म्हणजे तरी काय? ज्याच्यापुढें कोणी बसलेलें नसतें असा संगणक! त्याच्याकडे काम मागणारे लोक दुसरीकडे, आपापल्या यंत्रांपाशीं बसलेले असतात. समोर माणूस नाहीं म्हणूनच त्याला स्वतःच्या बळावर उठतां आलें पाहिजे, आणि उठल्यावर काय करावयाचें तें न विचारतां कळलें पाहिजे.

यंत्राच्या या उठण्याला ‘बूट होणें’ म्हणतात. बुटाच्या मागच्या बाजूस तो पायांत चढविण्यासाठीं जो बंद असतो, तोच धरून माणसानें स्वतःस वर उचलावें, अशा एका अशक्य कल्पनेवरून हा शब्द आला आहे. कल्पना अशक्य खरी. परंतु संगणक जवळजवळ तेंच करतो. वीज येतांच प्रथम मदरबोर्डावर कायमचा बसविलेला एक लहानसा प्रोग्रॅम जागा होतो. तो स्मृति, डिस्क वगैरे अवयव ठिकाणावर आहेत कीं नाहींत हें पाहतो आणि डिस्कवरील दुसऱ्या प्रोग्रॅमास हांक मारतो. लिनक्सच्या यंत्रांत या दुसऱ्याचें नांव बहुधा ‘ग्रब’ असें असतें. ग्रब लिनक्सचा गाभा, म्हणजे कर्नेल, उचलून स्मृतींत आणून ठेवतो. कर्नेल यंत्राचे सर्व भाग ओळखतो, डिस्क उघडतो, आणि मग आपल्या बाजूचा असा एकच प्रोग्रॅम सुरू करतो. त्या प्रोग्रॅमाला क्रमांक १ मिळतो. येथें कर्नेलचें उठविण्याचें काम संपलें. यापुढें कोणाला जागें करावयाचें, कोणाला नाहीं, हें सर्वस्वीं क्रमांक १ ठरवितो.

शाळेचा शिपाई आठवा. सर्वांच्या आधीं तो येतो, फाटक उघडतो, वर्गांचीं कुलुपें काढतो, पाण्याचे पिंप भरतो, घंटा देतो. आणि सायंकाळीं सर्व गेल्यावर कुलूप लावून जातो. क्रमांक १ चें काम तेंच. ज्या प्रोग्रॅमाचा जन्मदाता आधींच संपून गेला असा पोरका प्रोग्रॅमहि शेवटीं त्याच्याच पदरीं येतो. आणि हा शिपाईच मध्येंच मरण पावला, तर कर्नेल पुढें एक क्षणहि शाळा चालवीत नाहीं. तेथल्या तेथें सारें यंत्र थांबवितो.

हा शिपाई ज्यांना जागें करतो त्या पडद्याआड राबणाऱ्या प्रोग्रॅमांना ‘सेवा’ म्हणतात. त्यांचें जुनें नांव अधिक गमतीचें आहे. तें म्हणजे ‘डेमन’. १९६३ च्या सुमारास अमेरिकेंतील एम.आय.टी. या संस्थेंत ‘प्रोजेक्ट मॅक’ नांवाच्या उपक्रमांत काम करणाऱ्या मंडळींनीं तें योजिलें. मॅक्सवेल या भौतिकशास्त्रज्ञानें १८६७ सालीं एक काल्पनिक भूत उभें केलें होतें. तें एका झडपेपाशीं बसून वायूचे वेगवान कण एकीकडे व मंद कण दुसरीकडे अखंड निवडीत बसतें. न दिसणारा, न थकणारा, न बोलावतां राबणारा असा तो सेवक! त्याच्यावरून हें नांव पडलें. आपल्याकडे हें घडतें तर बहुधा वेताळाचें नांव पडलें असतें.

आतां शिपायाला यादी कशी द्यावयाची? जुनी रीत अशी होती. ‘सिस्टम फाइव्ह’ या नांवाची युनिक्स प्रणाली ए.टी. अँड टी. या अमेरिकन कंपनीनें १९८३ सालीं बाहेर आणली. तिच्यांतील रीतच लिनक्सनेंहि पुष्कळ वर्षें पाळली. यंत्राच्या शून्यापासून सहापर्यंत सात अवस्था कल्पिलेल्या असत. शून्य म्हणजे बंद होणें, सहा म्हणजे बंद होऊन पुन्हां उठणें, एक म्हणजे दुरुस्तीसाठीं एकट्या कारभाऱ्यानें आंत जाणें. बाकीच्या नित्याच्या कामाच्या. प्रत्येक अवस्थेचा एक कप्पा, आणि कप्प्यांत सेवांच्या नांवांच्या चिठ्ठ्या. चिठ्ठीच्या आरंभीं ‘एस’ हें अक्षर असेल तर सेवा सुरू करावयाची, ‘के’ असेल तर थांबवावयाची. आणि अक्षरापुढें दोन आंकडे, त्यांच्या क्रमानें. वीस आंकड्याची सेवा आधीं, ऐंशीची मागाहून. मुलें उंचीप्रमाणें रांगेंत उभीं करावींत तसें हें होतें. समजावयास सोपें, पण संथ. कारण एकीचें होईपर्यंत दुसरी खोळंबून राही, त्या दोघींचा परस्परांशीं कांहीं संबंध असो वा नसो.

ही रांग मोडून ज्यांना एकमेकांची गरज नाहीं त्यांना एकाच वेळीं उठवावें, या विचारानें २०१० सालीं लेनार्ट पॉटरिंग व के सीव्हर्स यांनीं ‘सिस्टमडी’ हा नवा क्रमांक १ पुढें आणला. २०११ सालीं फेडोरानें, २०१४ सालीं रेड हॅटच्या सातव्या आवृत्तीनें, २०१५ सालीं डेबियन व उबुंटू यांनीं तो स्वीकारला. डेबियनच्या मंडळींत यावरून मोठें रण माजलें. २०१४ च्या फेब्रुवारींत त्यांच्या तांत्रिक समितींत मतें समसमान पडलीं आणि अध्यक्षांच्या निर्णायक मतानें प्रश्न सुटला; कांहीं नाराज लोकांनीं पुढें ‘देवुआन’ नांवाची वेगळी चूल मांडली. शिपायानें शिपायाचें काम करावें, हिशेबनीस होऊं नये, असा त्यांचा आक्षेप होता व तो अगदींच पोकळ नव्हता. पण माझ्यासारख्या उशिरां शिकलेल्या माणसाला हा नवा शिपाईच सोपा वाटतो. आमच्या वाचनालयाच्या यंत्रांत डेबियन आहे, तेव्हां पुढील सर्व बोलणें सिस्टमडीचें समजावें.

आतां माझी पहिली चूक. २०२२ च्या मे महिन्यांत एका सकाळीं ग्रंथपाल बाईंचा दूरध्वनि आला: “गुरुजी, ग्रंथसूची उघडत नाहीं, आणि दारांत वीस माणसें उभीं आहेत.” रात्रीं वीज जाऊन आली होती. मी धांवत गेलों, यंत्रापुढें बसून ‘सिस्टमसीटीएल स्टार्ट’ ही आज्ञा लिहिली, आणि क्षणांत सूची उघडली. लोकांनीं कौतुक केलें. मीहि मनांत फुगलों. तीन दिवसांनीं पुन्हां वीज गेली आणि पुन्हां बाईंचा दूरध्वनि आला. तेव्हां मी विद्यार्थ्याला विचारलें. तो म्हणाला, “गुरुजी, तुम्ही सेवा सुरू केलीत. पण उद्यां ती सुरू व्हावी, असें यादींत कोठें लिहिलेंत? तें लिहावयाचें माझ्याकडूनहि राहिलें होतें.”

श्रोतेहो, या दोन गोष्टी निराळ्या आहेत, एवढें आज आपल्या ध्यानांत राहिलें तरी पुरे. ‘स्टार्ट’ म्हणजे आतां, या घटकेस सुरू कर. ‘इनेबल’ म्हणजे यापुढें यंत्र जेव्हां जेव्हां उठेल तेव्हां तेव्हां सुरू करण्याच्या यादींत हिचें नांव घाल. पहिली आज्ञा स्मृतींत राहते व विजेबरोबर जाते. दुसरी डिस्कवर लिहिली जाते व राहते. भिंतीवरचें बटण तें हेंच. आणि यांतील एक केली म्हणजे दुसरी आपोआप होते, असें नाहीं. नुसतें इनेबल केलें तर सेवा आज सुरू होणार नाहीं, उद्यां यंत्र उठेल तेव्हां होईल. ‘डिसेबल’ केलें तर चालू असलेली सेवा लगेच थांबणार नाहीं. नांव यादींतून जाईल एवढेंच. दोन्ही एकदम हवें असल्यास इनेबल या शब्दापुढें ‘नाउ’ हा शब्द जोडण्याची सोय आहे. मी आतां तीच वापरतों.

यादींत नांव घालणें म्हणजे प्रत्यक्षांत काय होतें, तें पाहिलें म्हणजे यांतील गूढ उडून जातें. प्रत्येक सेवेची एक छोटी लेखी फाइल असते. तिचे तीन भाग. पहिल्या भागांत सेवेचें वर्णन आणि ती कोणाच्या मागाहून यावी हें असतें. दुसऱ्यांत कोणता प्रोग्रॅम चालवावयाचा, कोणाच्या नांवानें चालवावयाचा, आणि तो मध्येंच पडला तर काय करावयाचें तें असतें. तिसऱ्या भागाचें नांव ‘इन्स्टॉल’. त्यांत बहुधा एकच ओळ असते, आणि तिचा अर्थ असा कीं, यंत्र नित्याच्या कामास तयार होण्याच्या अवस्थेला ही सेवा हवी आहे. सिस्टमडींत अशा अवस्थेला ‘टार्गेट’ म्हणतात, आणि सर्व्हरच्या नित्य अवस्थेचें नांव ‘मल्टि-यूजर’. आपण इनेबल म्हटलें कीं त्या अवस्थेच्या कप्प्यांत आपल्या फाइलीकडे बोट दाखविणारा एक दुवा तयार होतो. बस्स, इतकेंच! यंत्र उठतें, क्रमांक १ त्या कप्प्यांत डोकावतो, आणि तेथें ज्यांचे दुवे दिसतील त्यांना उठवितो. जुन्या काळच्या चिठ्ठ्याच या. आंकडे तेवढे गेले.

आणखी एक. तो तिसरा भाग इनेबल करतांनाच वाचला जातो. फाइलींत ‘हवी आहे’ असें लिहिलें म्हणजे झालें, अशी पुष्कळांची समजूत असते. पण आज्ञा दिल्यावांचून तो भाग कागदावरच राहतो. आणि फाइलींत कांहीं फेरफार केला तर ‘डेमन-रीलोड’ ही आज्ञा देऊन शिपायाला ती पुन्हां वाचावयास सांगावें लागतें. तो आपण होऊन पुन्हां वाचीत नाहीं.

एका गोष्टीची सूचना येथेंच करून ठेवतों, कारण तिनें चांगलीं जाणतीं माणसें फसतात. डेबियन व उबुंटू यांत आपण एखादी तयार सेवा बसविली कीं ती बहुधा लगेच सुरूहि होते आणि यादींतहि जाते. रेड हॅटच्या घराण्यांत तसें नाहीं. तेथें बहुतेक सेवा बसविल्यावर स्वस्थ पडून राहतात, त्यांना मालकानें स्वतः सांगावें लागतें. एका घरची संवय दुसऱ्या घरीं नेली कीं घोटाळा झालाच.

सूचीचें नांव यादींत घातलें आणि मी निश्चिंत झालों. पुढच्या वेळीं वीज गेली तेव्हां सूची उठली, आणि उठतांच पडली. तिला पुस्तकांच्या नोंदी ज्या ‘मारियाडीबी’ नांवाच्या भांडारांतून घ्यावयाच्या असतात, तें भांडार अजून उघडलेलें नव्हतें. नव्या शिपायानें दोघांनाहि एकाच वेळीं हांक मारली होती. जुन्या रांगेंत हें झालें नसतें. गुरुजी वर्गांत आले आणि खडूच आले नाहींत, तशी गत. येथें दोन शब्द शिकावे लागतात आणि ते दोन्ही लागतात. ‘रिक्वायर्स’ म्हणजे ती सेवा मला हवीच, तिलाहि उठवा. ‘आफ्टर’ म्हणजे तिच्या मागाहून मला उठवा. पहिल्यानें क्रम ठरत नाहीं, दुसऱ्यानें गरज सांगितली जात नाहीं. ‘मला खडू हवेत’ आणि ‘खडू आल्यावर मी येईन’ हीं दोन निराळीं वाक्यें आहेत ना? तसेंच हें. गरज सौम्य असेल, म्हणजे दुसरी सेवा आली नाहीं तरी आपण उभें राहावें असें असेल, तर ‘रिक्वायर्स’च्या ऐवजीं ‘वाँट्स’ लिहावें.

तरीहि एक बारकावा उरतो. ‘मागाहून’ म्हणजे कशाच्या मागाहून? शिपाई आला म्हणजे पाणी भरलें, असें होत नाहीं. कांहीं सेवांचा प्रोग्रॅम सुरू केला कीं क्रमांक १ त्यांना हजर समजतो, मग त्या आंतून तयार असोत वा नसोत. कांहीं शहाण्या सेवा मात्र ‘आतां मी तयार आहें’ असा निरोप स्वतः पाठवितात आणि तो येईपर्यंत मागच्यांना थांबविलें जातें. मारियाडीबी अशा शहाण्यांपैकीं आहे, म्हणून आमचें काम ‘आफ्टर’नें भागलें. जाळ्याच्या जोडणीबाबत तर दोन वेगवेगळ्या अवस्थाच आहेत. ‘नेटवर्क’ या नांवाची अवस्था जोडणी खरोखर झाल्याची ग्वाही देत नाहीं. ती हवी तर ‘नेटवर्क-ऑनलाइन’ची वाट पाहावी लागते. नांवें सारखीं, अर्थ निराळे. परीक्षेंत असा प्रश्न घातला असता तर पालक भांडावयास आले असते.

पडलेली सेवा पुन्हां उभी करण्याचीहि सोय आहे. दुसऱ्या भागांत ‘रीस्टार्ट’ या शब्दापुढें ‘ऑन-फेल्युअर’ असें लिहिलें, तर ती चुकून पडली असतां शिपाई तिला उठवितो. पण तो आंधळेपणानें उठवीत बसत नाहीं. दहा सेकंदांत पांच वेळां उठवूनहि ती पडली, तर तो नाद सोडून देतो आणि ‘अयशस्वी’ असा शेरा मारतो. हे आंकडे बदलतां येतात. दोन वेळांमध्यें थोडा अवकाश ठेवलेला बरा, असा माझा अनुभव आहे.

आतां शेवटची आणि सर्वांत मोठी चूक. ती सांगतांना अजून संकोच होतो.

२०२३ च्या जानेवारींत आम्ही अशी व्यवस्था केली कीं, रोज रात्रीं नऊ वाजतां दिवसभराच्या नोंदींची एक प्रत दुसऱ्या डिस्कवर उतरावी. सिस्टमडींत यासाठीं ‘टायमर’ असतो. ठराविक वेळीं तो सेवेला उठवितो. मीं फाइली लिहिल्या, ‘स्टार्ट’ ही आज्ञा दिली, दुसऱ्या दिवशीं प्रत उतरलेली पाहिली, आठवडाभर रोज पाहिली, आणि पाहणें सोडून दिलें. इनेबल करावयाचें मी विसरलों होतों. पहिल्या चुकीला वर्षहि झालें नव्हतें! जूनच्या आरंभीं एका वादळी रात्रीं वीज गेली व आली. यंत्र उठलें. भांडार उठलें, सूची उठली, सकाळीं लोकांची देवघेव सुरळीत चालली. टायमर उठला नाहीं. त्याला कोणीं बोलाविलेंच नव्हतें.

सूची बंद पडली तर दारांत वीस माणसें उभीं राहतात आणि बाई दूरध्वनि करतात. प्रत उतरावयाची थांबली तर कोण दूरध्वनि करणार? एवढ्यानेंहि भागलें असतें, कारण अयशस्वी सेवांची यादी मी अधूनमधून पाहत असें. त्यासाठीं ‘सिस्टमसीटीएल’ या शब्दापुढें ‘फेल्ड’ म्हणावयाचें असतें. ती यादी प्रत्येक वेळीं कोरी दिसे, आणि मला समाधान वाटे. पण त्या यादींत उठवूनहि जी पडली तीच सेवा येते. जिला उठविलेंच नाहीं ती पडलीहि नाहीं. पस्तीस वर्षें हजेरी घेतलेल्या माणसाला हें कळावयास पाहिजे होतें. ज्याचें नांवच हजेरीपटावर नाहीं, त्याच्यापुढें गैरहजेरीची खूण कोण करणार?

त्याच वर्षीं ऑक्टोबरमध्यें मुख्य डिस्क गेली. दुसरी डिस्क काढून पाहतों तों शेवटची प्रत जूनमधील! मधल्या चार महिन्यांत आमच्या एका दिवंगत सभासदांच्या घरून आलेलीं सहाशेंच्यावर पुस्तकें नोंदविलीं होतीं. नुसतीं नांवें नव्हेत. त्या गृहस्थांना पुस्तकाच्या पहिल्या पानावर, तें कोठें घेतलें, कोणीं दिलें, केव्हां वाचून संपविलें, असें दोन ओळींत लिहिण्याची संवय होती, आणि बाईंनीं त्या ओळी एकेका पुस्तकासमोर उतरवून घेतल्या होत्या. त्यांच्या पत्नी मधूनमधून येऊन ती सूची पडद्यावर वाचीत बसत. त्या नोंदी गेल्या. पुस्तकें होतीं, पण तीं एव्हांना वाचकांच्या घरोघरीं गेलीं होतीं, आणि कोणतें कोणाकडे गेलें याची नोंदहि त्याच डिस्कवर होती.

मीं मंडळापुढें चूक माझी असल्याचें सांगितलें. त्या बाईंच्या घरीं जाऊनहि सांगितलें. त्या कांहीं रागावल्या नाहींत. “पुस्तकें परत येतील तसतशा पुन्हां उतरवूं,” एवढें म्हणाल्या.

त्यानंतर आमच्या वाचनालयांत दोन नियम झाले. पहिला असा कीं, प्रत्येक सेवेचें व टायमरचें नांव एका कागदावर लिहून तो कपाटाच्या दारावर आंतून चिकटविलेला आहे, आणि महिन्याच्या पहिल्या रविवारीं त्यांतील प्रत्येक नांवाबद्दल ‘इज-इनेबल्ड’ हा प्रश्न यंत्राला विचारावयाचा. उत्तर ‘इनेबल्ड’ आलें तर खूण करावयाची. ‘डिसेबल्ड’ आलें तर तेथल्या तेथें दुरुस्त करावयाचें. कधीं ‘स्टॅटिक’ असें उत्तर येतें. त्याचा अर्थ, या सेवेला तिसरा भागच नाहीं, ती स्वतः उठत नाहीं, दुसरें कोणी तरी तिला उठवितें. आमची प्रत उतरविणारी सेवा अशीच आहे. तिला टायमर उठवितो, म्हणून टायमरची हजेरी घेणें आवश्यक. ‘मास्क्ड’ असें उत्तर आलें तर मात्र थबकावें. ती सेवा कोणीं तरी मुद्दाम अशी बंद केलेली असते कीं, हांक मारली तरी उठूं नये.

दुसरा नियम मंडळांतील कांहींना अजून पटलेला नाहीं. त्याच रविवारीं, वाचनालय बंद असतां, यंत्र मुद्दाम रीतसर बंद करून पुन्हां उठवावयाचें, आणि कशालाहि हात न लावतां पाहत बसावयाचें. चाललेलें यंत्र उगाच कां थांबवितां, असें ते विचारतात. मी म्हणतों, जें यंत्र महिनोन्‌महिने थांबलेलेंच नाहीं तें उठेल कीं नाहीं हें कोणालाच ठाऊक नसतें. आणि नापास व्हावयाचें असेल तर त्यानें रविवारीं दुपारीं, मी समोर बसलों असतां व्हावें, मंगळवारीं सकाळीं नव्हे. टायमरच्या फाइलींत ‘पर्सिस्टंट’ अशी ओळहि आतां घातली आहे. त्यामुळें नऊ वाजतां वीज नसली आणि प्रत चुकली, तर यंत्र उठल्यावर ती लगेच उतरते. एवढ्यावर न थांबतां मी दुसऱ्या डिस्कवरील शेवटच्या प्रतीची तारीख डोळ्यांनीं पाहतों.

आपल्यापैकीं पुष्कळांच्या घरीं आतां मुलगा, मुलगी किंवा जांवई रास्पबेरी पाय नांवाच्या मुठीएवढ्या यंत्रावर छायाचित्रें सांठवितात, दाराचा कॅमेरा चालवितात, किंवा घरचा हिशेब ठेवतात. त्या यंत्रांतहि बहुधा लिनक्सच असतें आणि क्रमांक १ हाच शिपाई असतो. आज रात्रीं जेवतांना त्यांना एवढेंच विचारून पाहा: हें यंत्र आतां बंद करून पुन्हां लावलें, तर त्यांतील काय काय आपोआप उठेल? उत्तर लगेच आलें तर उत्तम. ‘सगळें उठेल’ असें उत्तर आलें, तर यंत्र त्यांच्यादेखत एकदां बंद करून लावावें.

आमच्या त्या सहाशें पुस्तकांपैकीं ऐंशी अजून परत यावयाचीं आहेत. या महिन्याच्या पहिल्या रविवारीं यंत्र उठल्यावर मी कागदावरील अकरा नांवांपुढें खुणा केल्या, शेवटच्या प्रतीची तारीख आदल्या रात्रीचीच होती, आणि बाईंनीं नुकतेंच आलेलें एक पुस्तक माझ्यापुढें ठेवलें. पहिल्या पानावर दोन ओळी होत्या. त्या त्यांनीं वाचल्या आणि मीं टंकित केल्या.